ब्रायटनचा वसंत आणि ईस्टरची अडकलेली तारीख : पार्श्वभूमी

एप्रिलमध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ब्रायटनला गेलं तर हवा कशी असेल, गर्दी असेल का, हॉटेल महाग पडेल का, असं कोणी विचारलं की आधी बघायचं ते एकच, त्या वर्षी ईस्टर कधी आहे. २००८ ला ईस्टर २३ मार्चला आला आणि त्या वीकेंडला इंग्लंडात चक्क बर्फ पडला. २०११ ला तो २४ एप्रिलला आला, आणि मध्य इंग्लंडच्या तापमानाच्या नोंदी १६५९ पासूनच्या आहेत त्यात तो एप्रिल सगळ्यात उबदार निघाला. गाव तेच, गोट्यांचा किनारा तोच, लंडनहून तासाभराची ट्रेनही तीच, पण वसंतातली मोठी सुट्टी महिनाभर इकडची तिकडे. ही तारीख बांधून टाकायचा कायदा १९२८ लाच पास झालाय आणि आजपर्यंत एक दिवसही लागू झालेला नाही. ते प्रकरण काय आहे हे कळल्याशिवाय ब्रायटनचा वसंत असा का वागतो ते कळत नाही, म्हणून हे जरा सविस्तर.

जुनी गोष्ट बहुतेकांना माहीत असते. मच्छिमारांचं गाव, समुद्राचं पाणी औषध म्हणून प्यायला सांगणारा डॉक्टर, १७८३ ला आलेला राजपुत्र आणि पुढे त्याने उभारलेला घुमटांचा महाल, पाटण्याहून येऊन इथे चंपी-स्नानगृह चालवणारा माणूस. त्यात शिरत नाही. फक्त एवढं लक्षात ठेवायचं की त्या काळात वसंत हा ब्रायटनचा सीझनच नव्हता. बडे लोक उन्हाळ्यात आणि त्यानंतर यायचे. १८४१ ला रेल्वे आली, साधी माणसं स्वस्त तिकिटात उन्हाळ्यात यायला लागली, तसे बडे लोक त्या गर्दीला कंटाळून शरद आणि हिवाळ्याकडे सरकले. मधले मार्च-एप्रिल तसे ओसच, अपवाद ईस्टरचा, कारण कामगार माणसाला वर्षात सुट्ट्या मोजून दोन-चार आणि त्यात गुड फ्रायडे आणि त्याच्या पुढचा सोमवार हे दोन दिवस जवळजवळ.

या सुट्टीची ताकद किती ते १८४४ च्या ईस्टर सोमवारी दिसलं. लंडन ब्रिजहून एक्स्कर्शन ट्रेन निघाली ती चार इंजिनं जोडून, वाटेत न्यू क्रॉसला आणखी डबे आणि पाचवं इंजिन, क्रॉयडनला परत डबे आणि सहावं इंजिन, असं करत पन्नासच्या वर डब्यांचं ते धूड दुपारी ब्रायटनला पोचलं. सकाळी साडेआठला निघालेली माणसं दीड वाजता उतरली, म्हणजे जायलाच पाच तास, आणि तरी लोक खुशीत होते कारण त्यातल्या कित्येकांनी त्याआधी समुद्र बघितलेलाच नसणार. पुढे १८६० च्या दशकात ईस्टर सोमवारी ब्रायटनच्या मागच्या टेकड्यांवर स्वयंसेवक सैनिकांच्या कवायती व्हायला लागल्या, त्या बघायला वेगळी गर्दी. मग १८७१ चा बँक हॉलिडेचा कायदा आला, त्यात ईस्टर सोमवार आणि व्हिट सोमवार (पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाचा दुसरा दिवस) दोन्ही अधिकृत सुट्ट्या झाल्या. इथेच पुढच्या घोळाची पाचर बसली, कारण व्हिट सोमवार ईस्टरनंतर बरोबर सात आठवड्यांनी येतो. म्हणजे ईस्टर हलला की अख्खा वसंत त्याच्यामागे हलतो.

गावातल्या लोकांचा स्वतःचाही एक ईस्टर होता आणि तो मला फार आवडतो. गुड फ्रायडेला मच्छिमारांच्या घरातली माणसं, बायका, पोरं, म्हातारे सगळे, किनाऱ्यावर मासळीबाजाराजवळ बोटींचे जाड दोर घेऊन दोरीवरच्या उड्या मारायचे. दोन माणसं दोन टोकांना धरून तो जड दोर फिरवणार आणि मध्ये एकाच वेळी पाच-सहा जण उड्या मारणार, गाणी म्हणत. त्या दिवसाला 'लाँग रोप डे'च म्हणायचे. दुसऱ्या महायुद्धात, १९४० ला, किनारा बंद झाला, काटेरी तारा आणि सुरुंग आले, दोर गेले आणि युद्धानंतर ती प्रथा पहिल्यासारखी परत काही आली नाही. पर्यटनाच्या माहितीपत्रकात राजपुत्राला पानभर जागा मिळते आणि या दोरांना एक ओळही नाही, याचं वाईट वाटतं.

१९१५ चा वसंत मात्र वेगळ्याच कारणाने लक्षात ठेवायला हवा. पहिल्या महायुद्धात राजपुत्राचा तो महाल डिसेंबर १९१४ पासून हिंदी सैनिकांचं हॉस्पिटल झाला होता. मार्चमध्ये फ्रान्सात नव शापेलची लढाई झाली, एप्रिलमध्ये बेल्जियमात ईप्रची, आणि जखमी जवान ट्रेनने इथे यायला लागले. नऊ वेगवेगळी स्वयंपाकघरं, हिंदू-मुसलमानांना पाण्याचे वेगळे नळ, अशी सगळी व्यवस्था होती, पण बाहेर मोकळं फिरायला बंदी आणि भोवती कुंपण. खडकीच्या सॅपर्स-मायनर्सच्या, म्हणजे लष्करी इंजिनिअरांच्या, दोन कंपन्या त्याच आघाडीवर होत्या आणि आधीच्या ऑक्टोबरात नव शापेललाच त्यांचं अतोनात नुकसान झालं होतं, मराठी वाचकाने हे माहीत ठेवावं. मेलेल्या हिंदू आणि शीख सैनिकांपैकी ५३ जणांचं दहन शहराबाहेरच्या टेकडीवर झालं. तिथे १९२१ ला पांढऱ्या संगमरवराची छत्री उभी राहिली. वर जायला गाडीरस्ता नाही, कुरणातून चालत जावं लागतं आणि एप्रिलमध्ये वाटेत चिखल असतो, तरी ब्रायटनला जाणाऱ्या आपल्या माणसाने समुद्रात शिरलेला तो प्रसिद्ध पिअर एक वेळ सोडावा पण ही छत्री सोडू नये असं मला मनापासून वाटतं.

आता १९२८. युद्धानंतर किनाऱ्यावरच्या गावांचं पोट पूर्णपणे सीझनवर आलं होतं. बोर्डिंग हाउस चालवणाऱ्या बायकांचं गणित समजून घ्या. ईस्टरच्या आधी खोल्या रंगवायच्या, चादरी-पडदे धुवायचे, पोरी कामाला ठेवायच्या, कोळसा भरायचा. ईस्टर एप्रिलच्या मध्यावर आला तर दोन पैसे सुटतात आणि पुढे व्हिटपर्यंत दिवस मोठे होत जातात, तुरळक का होईना लोक येत राहतात. ईस्टर मार्चमध्ये आला तर खर्च सगळा झालेला, पाहुणे थंडीत कुडकुडत खोलीत बसलेले आणि मग सात आठवडे घर रिकामं. उशिरा, एप्रिलच्या शेवटी आला तर तो वीकेंड झकास, पण व्हिट ढकलला जातो जूनमध्ये आणि वसंत असा उरतच नाही.

जिनिव्हाला राष्ट्रसंघाच्या समितीतही कॅलेंडर सुधारायची चर्चा चालू होतीच. ब्रिटनमध्ये एका खासदाराने खासगी विधेयक आणलं आणि ते पासही झालं, ३ ऑगस्ट १९२८ ला राजाची सही झाली. तरतूद अगदी साधी, एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. म्हणजे कायम ९ ते १५ एप्रिलच्या मध्ये कधीतरी. आत्ता तो २२ मार्च ते २५ एप्रिल असा पाच आठवडे फिरतो, कारण २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. आपल्याला यात नवल नाही, होळी आणि पाडवाही दरवर्षी असेच सरकतात, फक्त आपल्याकडे कोणी पाडव्यावर हॉटेलचं वर्षाचं बजेट बांधत नाही.

पण कायद्यात एक कलम असं की तो आपोआप लागू होणार नाही. त्यासाठी वेगळा हुकूम काढावा लागेल, त्याचा मसुदा दोन्ही सभागृहांनी मंजूर करायला हवा आणि हुकूम काढण्याआधी चर्चचं किंवा इतर ख्रिस्ती संस्थांचं अधिकृत मत काय आहे ते विचारात घ्यायला हवं. नीट वाचलं तर 'विचारात घ्यायला हवं' एवढंच लिहिलंय, सगळ्यांची संमती हवी असं कुठेही नाही. पण तेव्हापासून आलेल्या प्रत्येक सरकारने त्याचा अर्थ असाच घेतला की सगळी चर्चेस एकमताने हो म्हणाली तरच. इंग्लंडचं चर्च म्हणणार बाकीच्यांशी बोलायला हवं, कॅथलिकांच्या रोमने १९६३ ला सांगितलं की आमची हरकत नाही पण इतरांनीही मान्य करायला हवं, पूर्वेकडची ऑर्थोडॉक्स चर्चेस वेगळ्याच कॅलेंडरने चालतात. म्हणजे प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवून थांबलेला. २०१६ च्या जानेवारीत इंग्लंडच्या चर्चचे सर्वोच्च धर्मगुरू, कँटरबरीचे आर्चबिशप, यांनी पाच-दहा वर्षांत काहीतरी होईल अशी आशा बोलून दाखवली तेव्हा परत सगळीकडे बातम्या आल्या, आणि परत शांत.

धर्माच्या बाजूने मुद्दा आहेच आणि तो खोटा नाही, हा सण आधी त्यांचा आहे, पौर्णिमेशी त्याचं नातं ज्यू लोकांच्या वल्हांडण सणापासून आलेलं आहे, हॉटेलवाल्यांच्या सोयीसाठी ते का तोडायचं. पण मग सुट्टी आणि सण वेगळे करता आले असते की. सण चर्चच्या तारखेला आणि सुट्टी सरकारच्या तारखेला. हा मार्ग घ्यायचं धाडस ईस्टरच्या बाबतीत कोणी केलं नाही. एक मात्र मान्य करायला हवं की १९२८ चा कायदा लागू असता तर २०११ चा ईस्टर २४ वरून १० एप्रिलला आला असता, म्हणजे उशिराच्या ईस्टरवर कमावणाऱ्यांचं नुकसानही झालं असतं. तरीही माझं मत कायदा लागू करण्याच्या बाजूने आहे, कारण एखाद्या वर्षीच्या लॉटरीपेक्षा दरवर्षीची खात्री ही खोल्या झाडणाऱ्या आणि आइस्क्रीम विकणाऱ्या माणसाला जास्त कामाची.

हा घोळ किती पसरलेला होता बघा, उन्हाळ्यासाठी घड्याळं तासभर पुढे करायच्या १९२५ च्या कायद्यातसुद्धा अट होती की एप्रिलच्या तिसऱ्या शनिवारनंतरच्या रविवारी घड्याळ पुढे करायचं, पण तो दिवस ईस्टर असेल तर एक आठवडा आधी.

मग १९६४. ईस्टर आला २९ मार्चला, ऐंशी वर्षांतला सगळ्यात थंड ईस्टर म्हणून त्याची नोंद झाली. स्कूटरवाले मॉड्स आणि मोटारसायकलवाले रॉकर्स ही तरुणांची दोन टोळकी पूर्वेकडच्या क्लॅक्टनला जमली होती, पाऊस, थंडी, निम्मी दुकानं बंद, करायला काही नाही आणि मारामाऱ्या झाल्या. सात आठवड्यांनी व्हिटच्या सुट्टीत, १८ मेच्या वीकेंडला, तेच लोण ब्रायटनला आलं, किनाऱ्यावर डेक चेअर फेकल्या गेल्या आणि पेपरवाल्यांनी सगळा देश हादरवून सोडला. कॅलेंडरमुळे दंगल झाली असं कोणी म्हणणार नाही, पण तोच ईस्टर १२ एप्रिलला असता तर क्लॅक्टनची दुकानं तरी उघडी असती.

पुढच्या काही वर्षांत व्हिट सोमवार सोडून मेच्या शेवटच्या सोमवारी सुट्टी द्यायचा प्रयोग सुरू झाला आणि १९७१ च्या कायद्याने तो पक्का झाला. म्हणजे सण आणि सुट्टी वेगळे करता येतात हे व्हिटच्या बाबतीत काही वर्षांतच सिद्ध झालं! १९७८ पासून मेच्या पहिल्या सोमवारची सुट्टीही आली. अर्धा प्रश्न सुटला, ईस्टरचा तसाच राहिला.

ब्रायटनने मात्र यातून आपला मार्ग काढला, आणि गावाचा अभिमान वाटावा असं हेच आहे. १९६७ ला वसंतातला कला महोत्सव सुरू झाला, तो आता मेमध्ये चालतो, त्याची सुरुवात शाळेतल्या मुलांच्या मिरवणुकीने होते, मुलं आठवडे आठवडे खपून कागदाचे मोठमोठे प्राणी-पक्षी बनवतात. १९७४ च्या ६ एप्रिलला इथल्या डोम या सभागृहात युरोव्हिजन ही युरोपभरची गाण्यांची स्पर्धा झाली आणि स्वीडनचा एक चौकडीचा बँड जगभर पोचला. २०१० पासून एप्रिलमध्ये मॅरेथॉन आहे. यातलं काहीच ईस्टरवर टांगलेलं नाही. पौर्णिमेची वाट बघणारं गाव हळूहळू स्वतःच्या तारखांवर चालायला लागलं आणि वसंताचा भार एप्रिलवरून मेवर गेला.

त्याची दुसरी बाजूही आहे. हॉटेलचे दर आता मेमध्ये चढलेले असतात. पिअर, जो १८९९ च्या मेमध्येच उघडला, तिथे कित्येक वर्षं फुकट फिरता यायचं, २०२४ च्या मेअखेरच्या सुट्टीपासून बाहेरच्यांना एक पौंड तिकीट लागलं. खर्च वाढला हे कारण खरं असेलही, पण १८४४ ला सहा इंजिनांमागे बसून आलेल्या माणसांचे वारस तेच, पोरांना घेऊन दिवसभरासाठी येणारे, आणि झळ त्यांनाच बसली.

समुद्राचं म्हणाल तर एप्रिलमध्ये पाणी साधारण ९-१० अंश असतं, ते तापायला जून-जुलै उजाडतो, त्यामुळे ईस्टरला कोणी पोहायला मिळेल अशा अपेक्षेने जाऊ नये. पूर्वेकडच्या किनाऱ्यावरची १८८३ ची छोटी विजेची ट्रेन, जगात अजून चालणाऱ्यांमधली सगळ्यात जुनी, तीही हिवाळाभर बंद असते आणि वसंतात सुरू होते, तिची तारीख आधी बघून घ्यावी. २०२७ ला ईस्टर परत मार्चमध्येच आहे, २८ तारखेला, आणि त्याच दिवशी पहाटे घड्याळंही एक तास पुढे जाणार. १९२८ च्या कायद्याप्रमाणे तो ११ एप्रिलला आला असता.