हळद शिजतानाच बघायची असते : अजाईल टीममधल्या टेस्टिंगची पार्श्वभूमी

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा निघतो तेव्हा व्यापारी पोत्यात हात घालतो, एक हळकुंड काढतो आणि मोडतो. आतला रंग बघतो आणि भाव बोलतो. नवख्या माणसाला वाटतं, हळदीची परीक्षा इथं झाली. ज्याच्या घरी हळद पिकते त्याला ठाऊक असतं, की खरी परीक्षा त्याआधी रानात, काहिलीजवळ होऊन गेलेली असते. फेस वर आला, हळदीचा तो वास सुटला, की एक गड्डा बाहेर काढायचा आणि त्यात काडी टोचून बघायची. अलगद आत गेली तर शिजली, अडली तर अजून जाळ लावायचा. जास्त शिजली तर रंग जातो, कच्ची राहिली तर वाळल्यावर ठिसूळ होते. यार्डात हळकुंड मोडणाऱ्याला फक्त निकाल कळतो. तिथं दुरुस्त काहीच करता येत नाही.

सांगली-साताऱ्याकडचे आम्ही काही टेस्टर, म्हणजे सॉफ्टवेअर लोकांच्या हातात जाण्याआधी त्यातल्या चुका शोधणारी माणसं, लवकरच सांगलीच्या विश्रामबागेत एक दिवस एकत्र बसणार आहोत. कुणी पुण्याच्या कंपनीचं काम घरून करतंय, कुणी इथल्याच छोट्या कंपनीत आहे, काही मुलं-मुली अजून कॉलेजात शिकताहेत. "अजाईलमध्ये टेस्टिंग" हा विषय ठरला (अजाईल म्हणजे छोट्या छोट्या फेऱ्यांत, सगळ्यांनी मिळून सॉफ्टवेअर घडवण्याची रीत), तेव्हा मागची गोष्ट कुणीतरी लिहून काढावी असं निघालं, म्हणून हे टिपण. ही गोष्ट मुळात यार्डातून रानाकडे, म्हणजे शेवटच्या तपासणीकडून काम चालू असतानाच्या तपासणीकडे, परत येण्याची आहे, असं मला वाटतं.

सुरुवात सगळे पतंगाच्या किड्यापासून करतात. १९४७ साली हार्वर्डच्या मार्क टू या संगणकाच्या रिलेमध्ये (विजेच्या स्विचमध्ये) एक पतंग अडकलेला सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवून ठेवला गेला. 'बग', म्हणजे किडा, हा शब्द यंत्रातल्या दोषासाठी त्याच्या कितीतरी आधी, एडिसनच्या काळापासून चालत आलेला होता. पतंगाची गोष्ट गोड आहे, पण टेस्टिंगचा इतिहास तिथून सुरू होत नाही.

मला त्याहून महत्त्वाची वाटते ती अमेरिकेच्या मर्क्युरी या अंतराळ प्रकल्पाची गोष्ट. १९५८ च्या सुमारास या प्रकल्पाच्या सॉफ्टवेअरसाठी आयबीएममध्ये टेस्टिंगची वेगळी टीम उभी राहिली, आणि ती उभी करणाऱ्यांत जेराल्ड वाइनबर्ग होते. पुढं क्रेग लार्मन आणि व्हिक्टर बेसिली यांनी या कामाचा मागोवा घेतला. त्यात आढळलं, की ही मंडळी अर्ध्या अर्ध्या दिवसाच्या फेऱ्यांमध्ये काम करत आणि कोड लिहिण्याआधीच त्याच्या टेस्ट ठरवत. म्हणजे आज आपण जे नवं म्हणून शिकतो ते साठहून जास्त वर्षांपूर्वी कुणीतरी करत होतं. मधल्या काळात ते हातातून निसटलं.

कसं निसटलं? सॉफ्टवेअर मोठं होत गेलं आणि काम लांबत, बिघडत गेलं. ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीतल्या गार्मिश गावी नाटोच्या पुढाकारानं परिषद भरली. 'सॉफ्टवेअरचं संकट' हे शब्द तिथूनच सगळीकडे गेले. दुसऱ्या वर्षी रोमला पुढची परिषद झाली, आणि तिथं संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डायक्स्ट्रा यांनी आम्हा टेस्टरांना आजही पाठ असलेली गोष्ट सांगितली : टेस्टिंगमुळं चुका आहेत हे दाखवता येतं, त्या नाहीत हे दाखवता येत नाही. आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात. सॉफ्टवेअरमध्ये ती चालत नाही, कारण एका भांड्यातला भात एकाच जाळावर शिजतो, कोडची मात्र प्रत्येक वाट वेगळी. नव्याण्णव शितं शिजलेली निघाली म्हणून शंभरावं शिजलंच असेल असं नाही.

१९७० मध्ये विन्स्टन रॉइस यांचा एक निबंध आला. गरज, आराखडा, कोड, मग टेस्टिंग, अशा पायऱ्यांवरून काम खाली उतरत जाण्याचं चित्र त्यात होतं. हेच ते पुढं 'वॉटरफॉल' म्हणून जगभर चिकटलं. वाईट याचं वाटतं, की चित्राखालीच रॉइस यांनी ही पद्धत धोक्याची आहे असं लिहून ठेवलं होतं. टेस्टिंग शेवटी येतं, तिथं काही मुळातलं चुकलेलं निघालं तर सगळं काम मागं जातं, हे त्यांचं म्हणणं होतं. लोकांनी चित्र उचललं, खालचा मजकूर कुणी वाचला नाही. बैल गेला नि झोपा केला, ही एका अख्ख्या उद्योगाची कामाची रीत होऊन बसली.

तरी या काळानं टेस्टिंगला स्वतःचं नाव मिळवून दिलं, हे मान्य करायला हवं. १९७२ मध्ये बिल हेट्झेल यांनी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात, चॅपल हिल इथं, केवळ टेस्टिंगवर परिषद भरवली. या विषयाची ती पहिली परिषद समजली जाते. १९७९ मध्ये ग्लेनफोर्ड मायर्स यांनी आपल्या पुस्तकात ठणकावून सांगितलं, की प्रोग्राम चालतो हे दाखवण्यासाठी टेस्टिंग करायचं नसतं, चुका शोधण्यासाठी करायचं असतं. टेस्टरच्या डोक्याला वळण लावणारं हे वाक्य होतं. त्याची दुसरी बाजू अशी, की डेव्हलपर बांधणारा आणि टेस्टर मोडणारा, अशा दोन पंगती पडल्या.

भारतात आपण या कामात शिरलो ते नेमकं या दोन पंगतींच्या काळात. इसवी सन २००० जवळ आलं तेव्हा जुन्या प्रोग्राममध्ये वर्षाचे दोनच आकडे होते, म्हणजे २००० आणि १९०० त्यांना सारखंच दिसणार होतं. तो कोड वाचून, सुधारून, तपासून देण्याचं मोठं काम इथल्या कंपन्यांना मिळालं. त्यातून नाव झालं, आणि टेस्टिंग ही वेगळी सेवा म्हणून विकली जाऊ लागली. सांगली-साताऱ्याची किती पोरं वालचंद, कराड, इस्लामपूरच्या कॉलेजांतून निघून स्वारगेटला उतरली आणि हिंजवडीच्या बसमध्ये बसली! मीही त्यांतलीच. माझ्या पहिल्या नोकरीत टेस्टिंगला दहा दिवस लिहिलेले असायचे. डेव्हलपमेंट लांबलं की ते सहा व्हायचे, मग तीन. रिलीजची तारीख काही हलायची नाही. शुक्रवारी संध्याकाळी बिल्ड, म्हणजे तपासायचं तयार सॉफ्टवेअर, हातात यायचं आणि सोमवारी सकाळी एक्सेल शीटमध्ये बगची रांग लागलेली असायची. त्यांतले निम्मे 'असंच अपेक्षित आहे' म्हणून बंद व्हायचे. कुणाला अपेक्षित होतं, हे मात्र सुरुवातीला आम्हाला कुणीच सांगितलेलं नसायचं. त्या शीटवर मी रडलेली आहे.

इकडे कारखान्यांच्या जगात या प्रश्नाचं उत्तर केव्हाच सापडलं होतं. विट्याचा यंत्रमाग ज्यानं पाहिलाय त्याला हे लगेच समजेल. साकिची टोयोडा यांच्या १९२४ च्या स्वयंचलित मागात धागा तुटला की माग आपण होऊन थांबायचा. वीतभर खराब कापड विणलं जाण्याआधी विणकराला कळायचं. हाच विचार पुढं टोयोटाच्या मोटार कारखान्यात गेला : दोष दिसला की जागच्या जागी काम थांबवायचं. अमेरिकेचे एडवर्ड्स डेमिंग १९५० मध्ये जपानला शिकवायला गेले. नंतर त्यांनी जगाला बजावलं, की शेवटी तपासून दर्जा येत नाही, तो काम करतानाच घालावा लागतो. कुपवाडच्या एमआयडीसीत कास्टिंगच्या रिजेक्शनचा ढीग ज्यानं पाहिलाय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. तपासणाऱ्यानं ढिगात टाकलं तेव्हा धातू, वीज, मजुरी सगळं खर्ची पडलेलं असतं.

सॉफ्टवेअरवाल्यांपर्यंत हा धागा हळूहळू आला. हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका यांनी १९८६ मध्ये जपानी कंपन्यांच्या टीम नवं उत्पादन कसं घडवतात यावर लेख लिहिला. रग्बीच्या खेळाची उपमा त्यातलीच. तिच्यावरून 'स्क्रम' हे नाव पुढं आलं, आणि १९९५ मध्ये केन श्वाबर आणि जेफ सदरलँड यांनी ऊप्सला (OOPSLA) या प्रोग्रॅमिंगवरच्या परिषदेत या नावाची, टीमनं छोट्या फेऱ्यांत काम करण्याची पद्धत मांडली. केंट बेक यांच्या एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या पद्धतीनं तर टेस्ट थेट डेव्हलपरच्या हातात दिली. बेक आणि एरिक गामा १९९७ मध्ये झुरिकहून अटलांटाला, पुन्हा ऊप्सला परिषदेसाठीच, विमानानं निघाले होते. त्या प्रवासात दोघांनी मिळून जेयुनिट हे टेस्ट आपोआप चालवणारं साधन लिहिलं. जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत काम करणारा माणूस त्याला आजही रोज हात लावतो. कोड बदलला की काही सेकंदांत दिसतं : टेस्ट पास झाली तर हिरवं, नापास झाली तर लाल. धागा तुटला, माग थांबला.

फेब्रुवारी २००१ मध्ये युटा राज्यातल्या स्नोबर्डला १७ जण जमले आणि अजाईलचा जाहीरनामा निघाला. त्यांत ब्रायन मारिक हे टेस्टिंगच्या अंगणातून आलेले. जाहीरनाम्यात टेस्टरचा वेगळा उल्लेख नाही. पुढच्या काही वर्षांत आमच्यापैकी अनेकांच्या पोटात गोळा आला तो त्यामुळंच : डेव्हलपरच टेस्ट लिहिणार असतील तर आपलं काय? याला नीट उत्तर द्यायला मारिकनीच सुरुवात केली. २००३ मध्ये त्यांनी टेस्टचे चार चौकोन मांडले. काही टेस्ट काम करणाऱ्याला आधार देतात, काही झालेल्या कामावर बोट ठेवतात. काही धंद्याच्या भाषेत असतात, काही यंत्राच्या. चारही चौकोन एकट्या टेस्टरचे नाहीत आणि एकट्या डेव्हलपरचेही नाहीत. लिसा क्रिस्पिन आणि जॅनेट ग्रेगरी यांनी हे चौकोन २००९ च्या पुस्तकात विस्तारले आणि टेस्टरला टीमच्या पंगतीत मानाचं पान वाढलं. त्याच वर्षी जर्मनीत अजाईल टेस्टिंग डेज ही परिषद सुरू झाली. आधी बर्लिन, मग पॉट्सडॅम.

परिषदांची नावं मी इतक्यांदा घेते आहे, कारण या कामातलं बरंचसं ज्ञान माणसांनी एकमेकांना सांगितल्यामुळं पसरलेलं आहे. सेलेनियम या वेबसाइट आपोआप तपासण्याच्या साधनावरची २०१२ ची लंडनची परिषद घ्या. डॅन क्युएलार नावाचे एक टेस्टर तिथं वेगळ्याच विषयावर बोलायला गेले होते. बोलता बोलता त्यांनी आयफोनचं ॲप सेलेनियमसारख्या पद्धतीनं आपोआप कसं चालवता येतं तेही दाखवलं. ऐकणाऱ्यांनी आग्रह धरला, की यावर वेगळं बोला. दुसऱ्या दिवशी पाच-सहा मिनिटांच्या झटपट भाषणांत ते उभे राहिले, तर त्यांच्या लॅपटॉपचं काही केल्या पडद्यावर दिसेना. सूत्रसंचालन सेलेनियम सुरू करणारे जेसन हगिन्स करत होते. पुढच्या वक्त्याला बोलावणार इतक्यात पडदा उजळला. काही महिन्यांनी हगिन्सनी क्युएलारना संपर्क केला, दोघं कामाला लागले आणि त्यातून मोबाईल ॲप तपासण्याचं ॲपियम हे साधन निघालं. मोबाईल टेस्टिंग करणारी इथली पोरं आज त्यावर पोट भरतात. सेलेनियमची परिषद २०१४ मध्ये बंगळुरूला आली, तेव्हा आपल्याकडच्यांना अशा लोकांशी समोरासमोर बोलता आलं.

सांगलीहून बंगळुरूला रात्रीच्या गाडीनं जाता येतं, पण प्रवेश फी, राहणं, रजा हे सगळ्यांना जमत नाही. २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि पुण्याची कितीतरी घरं रिकामी होऊन लोक साताऱ्याला, कऱ्हाडला, मिरजेला परतले. काही परत गेलेच नाहीत. तेव्हापासून एकाच गल्लीत दोन टेस्टर राहतात आणि एकमेकांना ओळखत नाहीत, असंही झालं. आमच्या बैठकीची खरी गरज तिथून निघाली.

आता इथली एक स्टोरी सांगते. अजाईलमध्ये कार्डावर लिहिलेल्या कामाच्या छोट्या तुकड्याला स्टोरी म्हणतात. कुणासाठी काम होतं ते सोडून देऊ. स्प्रिंट, म्हणजे कामाची एक ठरावीक छोटी फेरी, सुरू होण्याआधी आम्ही तिघं बसलो होतो : प्रॉडक्ट ओनर (काय बनवायचं ते ठरवणारे), डेव्हलपर आणि मी. कार्डावर एकच ओळ होती, 'शेतकऱ्याला उसाच्या बिलाचा मेसेज जावा.' डेव्हलपर म्हणाला, "मॅडम, दोन दिवसांचं काम आहे."

मी विचारलं, "सातबाऱ्यावर तिघा भावांची नावं असली तर मेसेज कुणाला?"

प्रॉडक्ट ओनर म्हणाले, "थोरल्याला."

"थोरला वारला असेल आणि वारसनोंद व्हायची असेल तर?"

ते गप्प बसले. डेव्हलपरनं लॅपटॉप मिटला आणि खुर्ची पुढं ओढली. "आणि मोबाईल नंबर पोराचा असतो, म्हातारा वापरतच नाही," तो म्हणाला. त्याच्या स्वतःच्या घरीच तसं होतं. मग प्रॉडक्ट ओनरनी शेतकी विभागात फोन लावला. तिथल्या साहेबांनी आणखी दोन प्रकार सांगितले, जे आमच्या तिघांच्याही डोक्यात नव्हते : खंडानं केलेली जमीन, आणि बिलातून परस्पर वळती होणारी सोसायटीची बाकी.

त्या दिवशी कोडची एकही ओळ लिहिली गेली नाही. कार्डाच्या मागं पेनानं पाच उदाहरणं लिहिली गेली, नावं आणि आकड्यांसकट. दुसऱ्या दिवशी सकाळी डेव्हलपरनं त्या पाचांच्या टेस्ट आधी लिहिल्या. कोड अजून नव्हताच, त्यामुळं पाचही लाल होत्या. मग तो कोड लिहायला बसला.