पडताळणीचा निकाल म्हणजे चुकीच्या अनुदानाचा दर नव्हे

अमेरिकेतल्या शाळांमधल्या मोफत जेवणावरून वाद पेटला की कुणीतरी एखाद्या शालेय जिल्ह्याचा, म्हणजे तिथल्या शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेचा, पडताळणी अहवाल काढतं आणि जाहीर करतं: तपासलेल्यांपैकी निम्म्यांची सवलत गेली, म्हणजे निम्मे लाभार्थी खोटे. हा हिशेब मुळातच चूक आहे, आणि दरवर्षी तो नव्या उत्साहाने मांडला जातो.

पडताळणी म्हणजे अर्जात लिहिलेलं उत्पन्न खरं आहे का ते तपासणं. ती कशी होते, थोडक्यात. दारिद्र्यरेषेच्या 130 टक्क्यांपर्यंत उत्पन्न असेल तर जेवण मोफत, 185 टक्क्यांपर्यंत असेल तर सवलतीत. उत्पन्न अर्जदार स्वतः लिहितो. मंजूर अर्जांपैकी काही निवडून शालेय जिल्हा शरद ऋतूत त्यांचे पुरावे मागवतो.

गोची 'काही' या शब्दात आहे. नेहमीच्या नियमानुसार 1 ऑक्टोबरला हाती असलेल्या मंजूर अर्जांपैकी 3 टक्के किंवा 3,000, यांतला लहान आकडा घ्यायचा. आणि तोही सरसकट चिठ्ठ्या टाकून नव्हे, तर ज्यांचं उत्पन्न मर्यादेपासून महिन्याला 100 डॉलरच्या आत आहे अशा अर्जांमधून आधी. म्हणजे जिथे चूक सापडण्याची शक्यता सर्वात जास्त, तिथेच मुद्दाम बघायचं. चुका पकडण्यासाठी ही निवड रास्त आहे. पण तिच्यावरून सगळ्या अर्जांबद्दल अंदाज बांधणं म्हणजे दवाखान्याच्या रांगेत तापाचे रुग्ण मोजून अख्खं गाव तापलंय म्हणण्यासारखं आहे.

समजा, 10,000 मंजूर अर्ज आहेत. तपासायचे 300. त्यातल्या 90 घरांनी उत्तरच दिलं नाही, 60 घरांचं उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त निघालं. 150 जणांची सवलत गेली, झाले निम्मे! पण त्या 90 जणांचं उत्पन्न जास्त आहे हे कुणीही दाखवलेलं नाही. पत्र पोचलं नसेल, पगाराची पावती सापडली नसेल, भाषा कळली नसेल. उत्तर नाही म्हणून सवलत बंद, इतकाच त्याचा अर्थ. 'उत्तर दिलं नाही' आणि 'अपात्र निघाले' हे दोन रकाने एकत्र करणाऱ्यांचा मला खरोखर राग येतो, कारण मूळ अहवालात ते वेगवेगळे दिलेले असतात.

शिवाय पडताळणीच्या अर्जांच्या ढिगात काय नसतं तेही बघा. फूड स्टॅम्पसारख्या, म्हणजे गरीब कुटुंबांना अन्नासाठी मदत देणाऱ्या, योजनेच्या यादीवरून अर्जाविनाच थेट पात्र ठरलेली मुलं नसतात. नाकारलेले अर्जही नसतात. पात्र असून ज्या मुलाला नकार मिळाला, त्याच्यावरचा अन्याय पडताळणीला दिसूच शकत नाही.

सरकार शाळेला प्रत्येक ताटामागे अनुदान देतं; ते नियमापेक्षा जास्त किंवा कमी गेलं की ते चुकीचं अनुदान. त्याचा राष्ट्रीय अंदाज वेगळ्याच मार्गाने येतो. कृषी खात्याची अन्न व पोषण सेवा त्यासाठी 'एपेक' नावाचा अभ्यास करवून घेते. तो 2005-06, 2012-13 आणि 2017-18 या शालेय वर्षांसाठी झाला. देशाचं प्रतिनिधित्व करतील असे जिल्हे, शाळा आणि कुटुंबं निवडायची, कुटुंबांच्या मुलाखती घ्यायच्या, उत्पन्नाचे कागद बघायचे, नाकारलेले अर्जदारही धरायचे. शाळेने जेवणं मोजताना आणि बेरजा वर पाठवताना केलेल्या चुका वेगळ्या तपासायच्या. या चुकांचा पालकांच्या उत्पन्नाशी काही संबंध नसतो. मधल्या वर्षांचे आकडे या अभ्यासांवरून गणिताने काढलेले असतात.

आणि इथे मोजायचे असतात डॉलर, मुलं नव्हेत. मोफतऐवजी सवलतीत बसायला हवं होतं असं मूल सापडलं, तर दुपारच्या जेवणामागे फरक 40 सेंटचा, न्याहारीमागे 30 सेंटचा. पूर्ण पैसे भरायला हवे होते असं निघालं, तर फरक कितीतरी मोठा. तरी तोही संपूर्ण रकमेचा नव्हे, कारण पूर्ण पैसे भरणाऱ्या मुलाच्या ताटामागेही सरकार थोडं अनुदान देतंच. पडताळणीच्या तक्त्यात ही दोन्ही प्रकरणं सारखीच एकेक भरतात.

बाकीचे गोंधळ किरकोळ. चुकीचं अनुदान म्हणजे आपोआप फसवणूक नव्हे. एकूण आकड्यात जास्त दिलेले आणि कमी दिलेले पैसे वजा न करता मिळवलेले असतात, त्यामुळे 'इतके बुडाले' असं म्हणता येत नाही. ज्या शाळा सामुदायिक पात्रतेच्या तरतुदीखाली सगळ्यांनाच मोफत जेवण देतात, तिथे उत्पन्नाचे अर्ज नाहीत म्हणून पडताळणीही नाही. पण तिथलं अनुदान थेट पात्र मुलांच्या टक्केवारीवरून ठरतं, ती चुकली तर अनुदान चुकतंच.

2018 च्या आर्थिक वर्षात दुपारच्या जेवणातल्या चुकीच्या अनुदानाचा दर सुमारे 9 टक्के, म्हणजे 1 अब्ज डॉलरच्या वर, दाखवला गेला. आदल्या वर्षापेक्षा तो बराच कमी होता, कारण ताटात एखादा आवश्यक पदार्थ कमी असूनही जेवण मोजल्याची चूक त्या वर्षापासून व्याख्येतूनच वगळली गेली. ही घट दाखवून कारभार सुधारला म्हणणाऱ्यांशी वाद घालणं मी सोडून दिलंय.