दुःखाच्या बातमीखाली काय टाकायचं?

शाळेच्या जुन्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणाचे तरी वडील गेल्याची बातमी येते. पहिला माणूस ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहितो आणि त्याखाली जोडलेल्या हातांची 🙏 रांग लागते. मधेच एखादा पुष्पगुच्छ येतो, अगदी कालच्या वाढदिवसाला आलेला तोच. कुणी ज्येष्ठ गृहस्थ चष्मा न लावता 😂 टाकतात. डोळ्यांतलं पाणी दिसलेलं असतं, हसू दिसलेलं नसतं. त्यांना खासगीत कळवावं लागतं.

हे सगळं आता इतकं अंगवळणी पडलंय की या खुणा मुळात याच कामासाठी केल्या असाव्यात असं वाटतं. प्रत्यक्षात त्यांतल्या बहुतेक भलत्याच कामासाठी आल्या होत्या.

न्यूयॉर्कच्या ‘पक’ या विनोदी साप्ताहिकाने ३० मार्च १८८१च्या अंकात छापखान्यातले खिळे जुळवून चार चेहरे छापले होते: आनंद, विषाद, बेफिकिरी आणि आश्चर्य. ती निव्वळ गंमत होती, पुढे कुणी ती चालवली नाही. संगणकावरची गोष्ट सुरू होते १९ सप्टेंबर १९८२ला. कार्नेगी मेलन विद्यापीठातले स्कॉट फालमन यांनी सुचवलं की विनोदाने लिहिलेल्या मजकुरापुढे :-) अशी खूण करावी, म्हणजे गैरसमज होणार नाहीत. त्याच संदेशात त्यांनी :-( ही खूणही दिली, पण दुःखासाठी नव्हे. ‘हा विनोद नाही’ एवढंच त्या पडलेल्या तोंडाने सांगायचं होतं. लोकांनी मात्र ते बघताक्षणी उदास ठरवून टाकलं.

आजच्या इमोजींचं माहेर जपान. १९९९मध्ये एनटीटी डोकोमो या मोबाइल कंपनीच्या आय-मोड या इंटरनेट सेवेसाठी शिगेताका कुरिता यांनी १७६ चित्रं केली, प्रत्येक चित्र अवघ्या १२ गुणिले १२ ठिपक्यांचं. त्यांत हवामान, वाहनं, राशी यांचा भरणा, चेहरे मोजकेच. (न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१६मध्ये हा संच आपल्या संग्रहात घेतला.) जपानमधल्या इतर मोबाइल कंपन्यांचेही असे संच होते. २०१०मध्ये युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या उपकरणांवर अक्षरं-चिन्हं सारखी ओळखली जावीत म्हणून ठरवलेल्या जागतिक संकेतप्रणालीच्या, ६.० आवृत्तीत ते सगळे एकत्र होऊन जगाला मिळाले, आणि त्यांच्यासोबत जपानी चित्रकथांचे संकेतही आले. गालावरून ओघळणारा घामाचा टपोरा थेंब म्हणजे धास्ती, नाकापाशी फुगलेला बुडबुडा म्हणजे गाढ झोप, हे तिथल्या पोरासोरांना ठाऊक. आपल्याकडे 😪 या झोपाळू चेहऱ्यावरचा बुडबुडा अश्रू समजला गेला आणि तो बिनदिक्कत शोकसंदेशात जाऊन बसला. घामाचे थेंबही तसेच अश्रू झाले. मला यात चूक दिसत नाही. पाठवणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला दोघांनाही तो रडतानाच दिसत असेल, तर मूळ अर्थ काय करायचाय?

जोडलेल्या हातांचं तर आणखी वेगळं. जपानमध्ये ते विनंतीचे, आभाराचे, माफीचे. ॲपलच्या जुन्या चित्रात हातांमागे पिवळे किरण असल्यामुळे अमेरिकेत हे टाळी देणारे दोन हात की प्रार्थना, यावर बराच खल झाला. आपल्याकडे वादाचं कारणच नव्हतं. देवाला, पाहुण्याला, मत मागताना आणि तिरडीपुढेही आपण हेच करतो. २०२१च्या दुसऱ्या लाटेत त्याचा पल्ला दिसला. ‘ऑक्सिजन बेड मिळेल का 🙏’, ‘प्लाझ्मा हवा आहे 🙏’ असे संदेश दिवसभर फिरत, आणि काही वेळा त्याच माणसाच्या नावापुढे चार दिवसांनी तेच हात पुन्हा जोडलेले दिसत. काळजी दाखवणारा खास चेहरा 😟 युनिकोडमध्ये २०१२पासून आहे. त्या दिवसांत माझ्या ग्रुपांवर तो क्वचितच दिसला.

फेसबुकवर पेच वेगळा होता. २००९मध्ये तिथे ‘लाइक’चा अंगठा आला आणि पुढची सात वर्षं एका टिचकीत द्यायचा प्रतिसाद तेवढाच होता. आईच्या निधनाच्या पोस्टला अंगठा द्यायचा कसा, आणि न द्यावा तर वाचलं हे कळणार कसं? फेब्रुवारी २०१६मध्ये त्याच्या जोडीला पाच भाव आले, त्यांत एक अश्रू ढाळणारा चेहरा. एप्रिल २०२०मध्ये, टाळेबंदी चालू असताना, हृदयाला कवटाळणारा ‘केअर’ आला. त्या वेळी इथे अंत्यविधीला वीस माणसांपुरतीच परवानगी होती आणि समाचाराला जाणं बंद पडलं होतं.

समाचाराला जाण्याची रीत ज्याने पाहिलीय त्याला एक फरक लगेच कळेल. तिथे बोलावं लागत नाही. माणसं येतात, भिंतीला टेकून बसतात, कुणी ‘कसं झालं?’ विचारतं, चहाला नको म्हणतात, उठतात. आलात हेच पुरे असतं. फोनवर गप्प बसणारा माणूस आलेलाच नसतो. त्यात २०१४च्या नोव्हेंबरपासून व्हॉट्सॲपने निळ्या टिका दाखवायला सुरुवात केली आणि ‘वाचलं, पण काही बोलला नाही’ हेही उघड व्हायला लागलं. मला वाटतं, हातांची ती रांग शोकापेक्षा हजेरीची जास्त आहे. हजेरीला कमी लेखायचं कारण नाही. समाचारही बराचसा हजेरीचाच असतो.

मे २०२२मध्ये व्हॉट्सॲपने संदेशावरच प्रतिक्रिया चिकटवायची सोय दिली. सुरुवातीला सहाच पर्याय होते: अंगठा, हृदय, हसू, आश्चर्य, अश्रू आणि जोडलेले हात. सहांपैकी शेवटचे दोन आपल्याकडे दुःखाच्या बातमीसाठी लगेच कामाला लागले. आता पुष्कळ ग्रुपांवर शंभर वेगळे संदेश येत नाहीत. मूळ बातमीखाली हात जमत राहतात आणि शेजारी आकडा वाढतो. काहींना हे फार स्वस्त वाटतं. ज्यांच्या घरी माणूस गेलंय त्यांचा फोन मात्र त्यामुळे जरा कमी वाजतो, आणि जवळच्यांकडून ते तसाही फोनच अपेक्षित करत असतात.