माहिती, ओळख आणि आवड : पार्श्वभूमी

सातारा-कऱ्हाड एसटीत शेजारचा माणूस आधी “गाव कुठलं?” विचारतो, मग आडनाव, मग मामाचं गाव. उंब्रज यायच्या आत एखादा पाहुणा सामाईक निघतोच. विचारणारा आपली शेती, पोरांची शिक्षणं हेही सांगत जातो, आणि माझ्या मते खरी गोम तिथेच आहे. स्वतःबद्दल सांगितल्याने माणसं एकमेकांना आवडू लागतात का, याचा पद्धतशीर शोध अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी सुरू केला.

१९५८ मध्ये सिडनी जुरार्ड आणि पॉल लासाको यांनी ६० बाबींची प्रश्नावली केली. मतं, आवडीनिवडी, काम, पैसा, स्वभाव, शरीर यांबद्दल तुम्ही आई, वडील, मित्र, मैत्रीण, जोडीदार यांना किती सांगता, असं त्यात विचारलं होतं. १९७३ मध्ये अर्विन ऑल्टमन आणि डालमास टेलर यांनी मांडलं की नातं वरवरच्या गोष्टींकडून आतल्या गोष्टींकडे हळूहळू सरकतं. १९९४ मध्ये नॅन्सी कॉलिन्स आणि लिन मिलर यांनी तोवरचे अभ्यास एकत्र तपासले. जो मोकळेपणाने सांगतो तो आवडतो. जो आवडतो त्याला आपण जास्त सांगतो. आणि ज्याला सांगितलं, तोही आपल्याला आवडू लागतो. हा तिसरा निष्कर्ष मला सर्वांत मोलाचा वाटतो. तीन वर्षांनी आर्थर एरन यांनी अनोळखी जोड्यांना एकमेकांना विचारायला ३६ प्रश्न दिले. पाऊण तासात त्यांना, नुसत्या गप्पा मारणाऱ्या जोड्यांपेक्षा, जास्त जवळीक वाटली.

२००७ मध्ये मात्र मायकेल नॉर्टन आणि सहकाऱ्यांनी उलट दाखवलं : माहिती वाढली की आवड घटते. त्यांच्या प्रयोगांत लोकांना अनोळखी व्यक्तीच्या गुणांची यादी वाचायला दिली होती. २०११ मध्ये हॅरी राइस यांच्या गटाने अनोळखी लोकांना प्रत्यक्ष बोलायला लावलं, तेव्हा बोलणं वाढलं तशी आवडही वाढली.

सातारा-सांगलीत आज व्हॉट्सॲपवर फिरणारा लग्नाचा बायोडेटा म्हणजे अशीच यादी : उंची, पगार, एकर, पत्रिका. आणि जुना बघण्याचा कार्यक्रम? तिथे बोलणं समोरासमोर, पण प्रश्न एकाच बाजूचे. मुलीने फक्त उत्तरं द्यायची. २०१३ मध्ये सुझन स्प्रेकर यांनी जोड्यांना आळीपाळीने बोलायला लावलं, आणि आधी एकाने विचारायचं, दुसऱ्याने सांगायचं, असंही करून पाहिलं. आळीपाळीने बोललेल्यांना एकमेक जास्त आवडले. म्हणून बघायला गेलेल्या मुलानेही आपलं कर्ज, नोकरीची धास्ती, घरातली भांडणं सांगायला हवीत, आणि ती विचारण्याचा हक्क मुलीला पहिल्याच भेटीत मिळायला हवा.