‘सीरियल’ कोणतं? टीटीएल की टू-थर्टी-टू?

लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत जाऊन ‘मोडेम टेस्ट करायला सीरियलचा बोर्ड द्या’ म्हणालात, म्हणजे एकेक बिट एका तारेवरून ओळीने पाठवणारा बोर्ड मागितलात, तर जाणता दुकानदार आधी विचारतो, ‘टीटीएल की टू-थर्टी-टू (म्हणजे आरएस-२३२)?’ यावर ‘दोन्ही सीरियलच ना?’ असं म्हणणारे पुष्कळ. एकेकाळी मीही त्यातलाच.

तसं म्हणण्यात तथ्य आहेच. दोन्हीकडे बिटांची रांग सारखीच: आधी स्टार्ट बिट, मग आठ डेटा बिट, शेवटी स्टॉप बिट. ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) प्रत्येक बिट साधारण १०४ मायक्रोसेकंदांचा. कमांडही त्याच, १९८१ च्या हेज स्मार्टमोडेमपासून चालत आलेल्या. ‘एटी’ टाइप करून एंटर मारा, मोडेम ‘ओके’ म्हणतो. फरक आहे तो तारेवरच्या व्होल्टेजमध्ये. आणि तो नुसता कमी-जास्तीचा नाही, उलटासुलटा आहे.

टीटीएलमध्ये ‘शून्य’ म्हणजे जवळपास ० व्होल्ट आणि ‘एक’ म्हणजे ३.३ किंवा ५. (आजच्या ३.३ व्होल्टच्या चिपमध्ये खरं तर टीटीएल जातीचं सर्किट नसतंच, पण नाव चिकटलं ते चिकटलं.) आरएस-२३२ हे १९६० सालचं अमेरिकन स्टँडर्ड. त्यात ‘एक’ म्हणजे उणे ३ ते उणे १५ व्होल्ट, आणि ‘शून्य’ म्हणजे अधिक ३ ते अधिक १५. म्हणजे लाइन निवांत असते तेव्हा टीटीएलची तार वर असते आणि २३२ ची शून्याच्याही खाली.

हे मल्टिमीटरवर लगेच दिसतं. मोडेम चालू करायचा, त्याला काहीही पाठवायचं नाही. काळी प्रोब ग्राउंडला, लाल प्रोब मोडेमच्या टीएक्सला (पाठवणाऱ्या पिनला; ऐकणारी ती आरएक्स), म्हणजे नऊ पिनी सॉकेट असेल तर २ नंबरच्या पिनला. आकड्याआधी उणे चिन्ह आलं, समजा उणे ६ किंवा उणे ९, तर ते २३२. नुसते २.८, ३.३ किंवा ५ दिसले तर टीटीएल.

ही दहा सेकंदं मी एकदा वाचवली. पंपाच्या मोबाईल स्टार्टरमधून काढलेलं जीएसएम मॉड्यूल, म्हणजे मोबाईल नेटवर्कवर चालणारा छोटा मोडेमच, टेबलावर होतं आणि हाताशी यूएसबीची एक तयार केबल होती. तिच्या टोकाला तारा सुट्या होत्या, म्हणून मी ती टीटीएलची समजलो. निघाली २३२ ची. मॉड्यूल मेलं नाही, पण बहिरं झालं. आजही पॉवर दिली की इमानदारीत ‘आरडीवाय’ (रेडी) छापतं, ‘कॉल रेडी’ही छापतं, पण ‘एटी’ला उत्तर नाही. बोलणारी पिन शाबूत, ऐकणारी जळाली.

दोन्ही जोडायचेच असतील तर मध्ये मॅक्स२३२ सारखी चिप लागते. ५ व्होल्टांच्या सप्लायमधूनच कपॅसिटरांच्या मदतीने ती अधिक-उणे दोन्ही व्होल्टेज तयार करते आणि सिग्नल उलटाही करते. नुसते रेझिस्टर लावून २३२ चं व्होल्टेज कमी केलंत, तर पिन कदाचित वाचेल, पण सिग्नल उलटाच राहील. ३.३ व्होल्टच्या सर्किटला मॅक्स३२३२ घ्यावी. सिम८००एल सारख्या मॉड्यूलच्या पिना तर २.८ व्होल्टच्या. तिथे ५ व्होल्टची टीएक्स तारसुद्धा सरळ लावू नये. १० किलोओहमचे दोन रेझिस्टर घेऊन तिचं व्होल्टेज निम्मं करावं. २.५ व्होल्टला मॉड्यूल ‘एक’ ओळखतं.

तारांची अदलाबदल हा आणखी एक घोळ. टीटीएलमध्ये बोर्डाचा टीएक्स मॉड्यूलच्या आरएक्सला, म्हणजे फुली मारून जोडायचा. नऊ पिनी २३२ मोडेमला मात्र सरळ केबल लागते, २ ला २ आणि ३ ला ३, कारण मोडेमची बाजू मुळातच उलट ठरवलेली आहे. तिथे हौसेने नल-मोडेम केबल (आतून २ आणि ३ ची अदलाबदल केलेली) लावली की दोघेही एकाच तारेवर बोलत बसतात.

पडद्यावर अर्थहीन अक्षरांचा कचरा दिसला की सगळे आधी बॉड रेट बदलतात. ते बरोबरच आहे. पण ९६०० पासून १,१५,२०० पर्यंत सगळे रेट फिरून झाले तरी कचराच येत असेल, तर व्होल्टेजची लेव्हल तपासा, टीटीएल की २३२ ते. जोडीला लूपबॅक करावा: मोडेम काढून बोर्डाचे टीएक्स आणि आरएक्स एकमेकांना जोडायचे आणि टाइप करायचं. तीच अक्षरं परत आली तर लॅपटॉप, ड्रायव्हर आणि बोर्ड ठीक. यापुढे मात्र लूपबॅकवर विसंबू नका. चुकीच्या बॉड रेटलाही तो पास होतो, कारण पाठवणारा आणि ऐकणारा एकच. टीटीएल बोर्डावर पास होतो आणि २३२ वरही. मी ज्या केबलने मॉड्यूल बहिरं केलं, ती लूपबॅकमध्ये पहिल्या फटक्यात पास झाली होती.