इस्लामी उच्चशिक्षणातलं इंग्रजी पाठ्यसाहित्य (इंडोनेशिया)

इंडोनेशियातली इस्लामी विद्यापीठं आणि कॉलेजं धर्म मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात, आणि तिथे शरिया (इस्लामी कायदा), तरबिया (शिक्षणशास्त्र), उसुलुद्दीन (धर्माची मूलतत्त्वं), दावा (धर्मप्रसार) वगैरे शिकणाऱ्या मुलांसाठी इंग्रजीचे धडे कसे बनवायचे हा एक वेगळा विषयच होऊन बसलाय. १९५१ ची योग्यकार्तामधली आणि १९५७ ची जकार्तामधली अशा दोन सरकारी संस्था एकत्र करून १९६० मध्ये आयएआयएन (सरकारी इस्लामी उच्चशिक्षण संस्था) सुरू झाली, पुढे २००२ मध्ये जकार्ताच्या आयएआयएनचं पूर्ण विद्यापीठ झालं, मग इतर विषयही आले आणि इंग्रजीची गरज अजूनच पसरली.

वर्गात सगळे एका लेव्हलचे नसतात. बरेच जण पेसांत्रेनमधून, म्हणजे निवासी मदरशांतून येतात, त्यांचं अरबी बऱ्यापैकी असतं पण इंग्रजी यथातथा. त्यातही गोंतोरसारख्या (स्थापना १९२६) ठिकाणी अरबी आणि इंग्रजी दोन्ही रोज बोलायला लावतात, तिथली मुलं एकदम पुढे. म्हणून आधी गरजा तपासायच्या. यासाठी हचिन्सन आणि वॉटर्स या इंग्रजी अध्यापनाच्या अभ्यासकांची १९८७ ची विभागणी वापरतात: लागतं काय, येत नाही काय आणि मुलांना हवंय काय. हे तिन्ही जुळत नाही हीच खरी गोची, कारण कोर्सला हवं असतं फिकहवरचे (इस्लामी कायदेशास्त्रावरचे) लेख वाचता येणं आणि मुलाचा जीव अडकलेला असतो टोफल या इंग्रजीच्या परीक्षेच्या स्कोअरमध्ये.

सगळ्यात आळशी पद्धत म्हणजे जॉनचा अहमद करायचा, बर्थडेच्या जागी ईद टाकायची आणि पुस्तक इस्लामी झालं म्हणायचं. धडा तसाच राहतो, फक्त नावं बदलतात. त्यापेक्षा झकात, म्हणजे मुसलमानाला बंधनकारक असलेलं दान, घ्या. ८५ ग्रॅम सोन्याइतकी संपत्ती चांद्र वर्षभर हातात राहिली तर अडीच टक्के द्यायचे, हा नियम इंग्रजीत सांगायला लावला की 'जर-तर'ची वाक्यं, आकडे, टक्केवारी, 'द्यायलाच हवं' आणि 'दिलं तर चांगलं' यातला फरक, सगळं आपोआप येतं. विषय मुलाला आधीच पाठ असतो, त्यामुळे सगळा जोर भाषेवर लावता येतो.

शब्दांवर मात्र वाद आहे. इस्लामचे अभ्यासक इस्माईल अल-फारुकी यांनी १९८६ मध्ये मांडलं की सलात (नमाज), झकात असे शब्द भाषांतर न करता तसेच ठेवावेत, कारण झकातला 'चॅरिटी' म्हटलं की त्यातलं बंधनच निघून जातं. (मराठीत तोच शब्द जकात होऊन थेट नाक्यावर जाऊन बसला!) मुद्दा पटतो, पण बिगरमुस्लिम वाचकाला नुसता अरबी शब्द कळणार नाही, म्हणून शब्द तसाच ठेवून पहिल्यांदा येईल तिथे एका ओळीत अर्थ सांगायचा हे जास्त कामाचं, आणि तशी एक ओळ लिहिणं हाच मुळात चांगला स्वाध्याय आहे.

अजून एक अडचण म्हणजे इंग्रजीच्या शिक्षकाला फिकह येतंच असं नाही. पण चांगला धडा याचाच फायदा उठवतो: सर सोन्याचा आकडा सांगून थांबतात आणि झकात लागू व्हायला चांदी मात्र ५९५ ग्रॅम का लागते हे मुलाने उठून इंग्रजीत समजावायचं.