शंभर ऑक्टेन कुणाच्या टाकीत टाकायचं?

माझ्या मामेभावाने पुण्यात सेकंड हॅन्ड टर्बो पेट्रोल सेडान घेतली, दोन लिटरचं इंजिन, दोनशेच्या वर हॉर्सपॉवर. पेढे वाटून झाले आणि दुसऱ्याच दिवशी पंपावरून त्याचा फोन. "दादा, इथला पोरगा म्हणतोय असल्या गाडीत शंभर ऑक्टेनच टाका, पिकअप डबल होईल, टाकू का?" मी म्हटलं आधी टाकीचं झाकण उघडून आतल्या स्टिकरवर काय लिहिलंय ते वाच. त्याने वाचलं, रॉन 95, म्हणजे गाडीला लागणारा ऑक्टेनचा आकडा. म्हटलं मग 95 टाक आणि घरी ये, बाकीचं चहा पिताना सांगतो. ते चहावरचं बोलणं इथे लिहितोय, कारण हा प्रश्न मला वर्षभरात कितीतरी जणांनी विचारलाय आणि प्रत्येकाच्या डोक्यात गैरसमज एकच, की महाग पेट्रोलमध्ये ताकद जास्त असते.

नसते. ऑक्टेनचा आकडा ताकदीचा नाहीच मुळी. साधं आणि प्रीमियम दोन्ही जाळलं तर लिटरमागे उष्णता जवळपास सारखीच मिळते. ऑक्टेन मोजायची पट्टी ज्या दोन द्रवांवर उभी आहे त्यातला शून्याचा मान हेप्टेनला आणि शंभरचा आयसोऑक्टेनला, आणि गंमत बघा, किलोमागे उष्णता मोजली तर शून्यवाल्या हेप्टेनमध्येच ती केसभर जास्त भरते. ही पट्टी 1926 मध्ये अमेरिकेत ग्रॅहम एडगर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने आणली, आणि त्याला लागणारं शुद्ध हेप्टेन चक्क पाईनच्या एका जातीच्या डिंकातून मिळायचं, जेफ्री पाईन. तुमच्या पेट्रोलचा रॉन 95 म्हणजे ठरलेल्या टेस्ट इंजिनमध्ये ते 95 भाग आयसोऑक्टेन आणि 5 भाग हेप्टेनच्या मिश्रणाइतकाच धीर धरतं. धीर कशाचा, तर ठिणगी पडायच्या आधी किंवा ज्योत पोचायच्या आधी आपणहून पेट न घेण्याचा.

सायकलला हवा भरताना पंपाच्या बुडाला हात लावून बघा, चांगला गरम लागतो. हवा दाबली की तापते. इंजिनात पिस्टन वर येताना हवा आणि पेट्रोलचं मिश्रण दहापट दाबलं जातं तेव्हा ते साडेचारशे अंशांच्या आसपास जातं, आणि टर्बोवाल्या गाडीत तर हवा आत यायच्या आधीच दाबून ठेवलेली असते म्हणजे सुरुवातच वरून. मग स्पार्क प्लग ठिणगी टाकतो. लोकांना वाटतं स्फोट होतो, पण नीट चालणाऱ्या इंजिनात स्फोट होतच नाही, ज्योत प्लगपासून निघून सेकंदाला वीस-तीस मीटरच्या वेगाने पसरत जाते आणि 3000 आरपीएमला सगळं जळायला दोन-तीन मिलिसेकंद लागतात. या दोन-तीन मिलिसेकंदात कोपऱ्यात जे शेवटचं न जळलेलं मिश्रण उरलंय त्याची अवस्था बिकट असते, मागून जळालेला वायू फुगत येतोय, पुढे भिंत आहे, मधे ते अजून दाबलं जातंय अजून तापतंय. ज्योत पोचेपर्यंत ते थांबलं तर सगळं छान. नाही थांबलं तर तो सगळा कोपरा एकदम पेटतो, दाबाची लाट उठते आणि सिलिंडरच्या भिंतींवर इकडून तिकडे आपटत राहते, 80 मिलिमीटरच्या सिलिंडरमध्ये सेकंदाला सहा-सात हजार वेळा. पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा जो आवाज येतो तो हाच, नॉकिंग.

यात पिस्टनचं काय होतं ते बघण्यासारखं आहे. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं आणि आतला वायू दोन हजारच्या वर, तरी पिस्टन रोज टिकतो कारण धातूला लागून वायूचा एक पातळ थर असतो, गोधडीसारखा, तो उष्णता अडवतो. नॉकची लाट ही गोधडीच फाडून टाकते. जोरात आणि बराच वेळ नॉक होत राहिलं तर पिस्टनची कड खाल्ली जाते ती अशी.

आता हेप्टेनला धीर का नाही आणि आयसोऑक्टेनला का आहे? इथून पुढे थोडी केमिस्ट्री आहे पण सगळ्या प्रकरणातला माझा सगळ्यात आवडता भाग हाच, त्यामुळे तो सोडून पुढे जाता येत नाही.

हेप्टेनमध्ये सात कार्बन एका ओळीत, आगगाडीच्या डब्यांसारखे. तापलेल्या मिश्रणात हायड्रॉक्सिल नावाचे तुकडे फिरत असतात, एक ऑक्सिजन एक हायड्रोजन, प्रचंड भुकेले. असा एक तुकडा येतो आणि मधल्या एखाद्या डब्याचा हायड्रोजन ओढून नेतो. रिकाम्या जागी हवेतला ऑक्सिजनचा रेणू येऊन बसतो, म्हणजे आता साखळीला दोन ऑक्सिजनची शेपटी फुटली. ही शेपटी मागे वळते आणि स्वतःच्याच साखळीतला दोन कार्बन पलीकडचा हायड्रोजन उचलते, त्या क्षणी जे कडं तयार होतं ते सहा अणूंचं असतं आणि सहाच्या कड्याला ताण कमी पडतो म्हणून हे सहज जमतं. त्यामुळे साखळीवर पुन्हा एक रिकामी जागा, तिथे पुन्हा एक ऑक्सिजन बसतो, आणि आता हा सगळा बोजा सांभाळणं त्या रेणूला जमत नाही, तो तुटतो, आणि तुटताना नवे हायड्रॉक्सिल बाहेर टाकतो. एक आत गेला होता, दोन-तीन बाहेर आले, ते पुढच्या दोन-तीन रेणूंवर तुटून पडतात आणि बघता बघता पूर्ण कोपरा पेटतो.

आयसोऑक्टेनमध्ये आठ कार्बन आहेत पण ओळीत पाचच, बाकीचे तीन फांद्या होऊन लटकलेले. त्यात एका कार्बनचे चारही हात दुसऱ्या कार्बननी धरलेले, त्याच्याकडे हायड्रोजनच नाही. एकूण 18 हायड्रोजनपैकी 15 टोकांवरच्या कार्बनवर आहेत आणि तिथले हायड्रोजन जास्त घट्ट धरलेले असतात. शेपटी वळते, पण सोयीच्या अंतरावर सहज उचलता येईल असं फारसं काही हाताला लागत नाही, साखळी रखडते, आणि तेवढ्यात ज्योत येऊन पोचते. कार्बन हायड्रोजन तेच, जवळपास तेवढेच, फक्त मांडणी वेगळी आणि एकाला शून्य मार्क तर दुसऱ्याला शंभर.

हल्ली पेट्रोलमध्ये मिसळतात ते इथेनॉल आणखी वेगळ्या वाटेने धीर धरतं. त्याचा हायड्रोजन गेला आणि ऑक्सिजन आला की बहुतेक वेळा ॲसिटाल्डिहाइड आणि एक मंद तुकडा तयार होऊन विषय तिथेच संपतो, गुणाकार होत नाही. शिवाय वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषतं, म्हणजे मिश्रण आधीच गार होतं. म्हणून त्याचा रॉन 108 च्या वर.

आता गाडीकडे येऊ. आमच्या गल्लीतले मेस्त्री जुन्या गाड्यांचं नॉकिंग कानाने पकडायचे, स्क्रू ड्रायव्हरची लाकडी मूठ कानाला आणि टोक इंजिनला लावून ऐकायचे, मग डिस्ट्रिब्युटर हाताने केसभर फिरवून ठिणगीचं टायमिंग मागे घ्यायचे. आजच्या गाडीत हेच काम ब्लॉकवर बोल्टने आवळलेला सुपारीएवढा नॉक सेन्सर करतो, आत पिझोइलेक्ट्रिक स्फटिक, म्हणजे दाब पडला की वीज देणारा, त्या सहा-सात हजारांच्या कंपनांवर कान ठेवून बसलेला. नॉक ऐकू आलं की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठिणगी काही अंश उशिरा टाकतो, टर्बो असेल तर बूस्ट, म्हणजे टर्बोने आत ढकललेल्या हवेचा दाब, तोही कमी करतो. इंजिन वाचतं पण ताकद जाते आणि ॲव्हरेजही. म्हणजे 95 मागणाऱ्या गाडीत 91 टाकलं तर ती आपली ताकद आवरून धरते आणि 95 टाकलं की ती परत मिळते. लोकांना जो "पिकअप वाढला" असा अनुभव येतो तो खोटा नाही, पण ती ताकद पेट्रोलने आणलेली नसते, गाडीचीच असते.

किती फरक? अमेरिकेतल्या एएए या मोटार संघटनेने 2017 मध्ये प्रीमियमची शिफारस असलेल्या गाड्या दोन्ही पेट्रोलवर तपासल्या तर सरासरी फरक ॲव्हरेजमध्ये 2.7 टक्के आणि हॉर्सपॉवरमध्ये 1.4 टक्के निघाला. आणि ज्या गाड्यांना साधंच पुरतं त्यांच्या मालकांनी उगाच प्रीमियम भरून वर्षाला 2.1 अब्ज डॉलर घालवले असा त्यांचाच 2016 चा हिशोब. अमेरिकेतले व्हिडिओ बघताना मात्र एक लक्षात ठेवा, तिकडच्या पंपावरचा आकडा रॉन नसतो, दोन चाचण्यांची सरासरी असते. न्यू जर्सीतला चुलतभाऊ 87 टाकतो म्हणतो ते आपल्या साधारण 91-92 रॉनइतकं, आणि तिकडचं 93 म्हणजे आपलं 98 च्या आसपास. हा घोळ माहीत नसल्यामुळे लोक फार भांडतात.

आपल्याकडे दुसरा बदल झालाय त्याबद्दल कुणी बोलत नाही. बीएस 6 साध्या पेट्रोलचा रॉन 91 होता, ई20 ला, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला, भारतीय मानकाप्रमाणे किमान 95 लागतो. म्हणजे साध्या नोझलमधून येणारं ई20 आणि बोर्डावर 95 लिहिलेलं प्रीमियम यांच्यातलं ऑक्टेनचं अंतर जवळपास मिटलंय, उरतो तो इंजिन साफ ठेवणाऱ्या ॲडिटिव्हचा फरक. ई20 मध्ये लिटरमागे ऊर्जा सहा-सात टक्के कमी असते हेही खरं, म्हणून ॲव्हरेज थोडं पडलं तर पंपवाल्याशी वाद घालू नका. आधी बघा गाडी ई20 चालणारी आहे का, कारण जुन्या गाडीच्या रबराच्या नळ्या आणि सील ऑक्टेनपेक्षा इथेनॉलला जास्त घाबरतात.

100 ऑक्टेन पुण्या-मुंबईत डिसेंबर 2020 मध्ये एक्सपी 100 नावाने आलं, तेव्हा साधं नव्वदच्या आतबाहेर आणि हे 160 च्या आसपास. मिश्रण दहापट दाबणारी साधी हॅचबॅक, टर्बो नाही, स्टिकरवर 91, तिच्यात हे टाकणं म्हणजे पैसे वाया, ईसीयूला ठिणगी आणखी लवकर टाकायची परवानगीच नसते. मामेभावाच्या गाडीचा प्रकार मधला. काही युरोपियन गाड्यांचं ट्युनिंग 98 धरून केलेलं असतं, त्यांना 95 च्या वर थोडी जागा असते. आम्ही ओबीडी डोंगल, म्हणजे ईसीयूतले आकडे मोबाईलवर दाखवणारं छोटं यंत्र, लावून एका दुपारी कुंभार्ली घाट चढलो, साधं ई20 टाकून, तिसऱ्या गिअरला फुल पाय, आणि मोबाईलवर टायमिंग करेक्शनचे आकडे, म्हणजे नॉकमुळे ठिणगी किती अंश मागे घेतली ते, उणे दोन-तीनपर्यंत जाताना दिसले. टाकी संपवून 100 टाकलं, तोच घाट, करेक्शन शून्याला चिकटून. सीटवर बसून मात्र मला फरक कळला नाही, त्याला कळला असं तो म्हणतो, मी त्याच्याशी वाद घातला नाही. रोज सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये तिशीने चालायचं असेल तर तो आकडा तसाही शून्यच असतो कारण दाबच तयार होत नाही.

या पंपावरच्या गप्पांमध्ये एक गोष्ट हमखास निघते, टाकीत डांबराच्या गोळ्या टाका, ऑक्टेन वाढतं. कृपया टाकू नका. चाळीस लिटरमध्ये चार गोळ्यांनी आकडा हलत नाही, आणि हल्ली दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच गोळ्या नॅप्थलीनच्या नसतातच, क्लोरीन असलेल्या वेगळ्याच पदार्थाच्या असतात, तो जळून इंजिनात ॲसिड होतं. पेट्रोलच्या पाइपला चुंबक बांधून ॲव्हरेज वाढवणारेही तसलेच, पेट्रोलवर त्या चुंबकाचा काहीही परिणाम होत नाही.

ज्यांनी गाडी 100 ऑक्टेनवर रीमॅप केलीय, म्हणजे ईसीयूचं सेटिंग 100 धरून बदलून घेतलंय, त्यांची गोष्ट वेगळी, त्यांना ते लागणारच. त्यांनी लांबच्या प्रवासाला निघताना ईसीयूचं जुनं सेटिंग, म्हणजे जुना मॅप, सेव्ह करून ठेवायला सांगावं, कारण कोकणात उतरलं की 100 चा पंप शोधत बसावं लागतं. अर्धी टाकी 100 आणि वरून अर्धी 95 भरली तर 97-98 च्या आसपास मिळतं, मिसळायला काहीच हरकत नाही. आणि घाट लागला की वरच्या गिअरमध्ये पाय दाबून गाडी रेटू नका, एक गिअर खाली टाका, आरपीएम वाढू दे, प्रत्येक फेऱ्यातला दाब कमी पडतो आणि कोपऱ्यातल्या मिश्रणाला पेटायला वेळच मिळत नाही.